बुलेटची मागची सीट
रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्याचा आणि कापराचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशीची, गाड्या पुजायची आयुधपूजा आठवते. ह्यांनी वर्षभराचे रविवार जे. पी. नगरच्या एका गॅरेजात घालवून आपली बुलेट परदेशी क्रूझर मोटारसायकलसारखी करून घेतली होती, आणि वर्षभर रविवारी मी एकटीच जेवले होते. पूजेच्या सकाळी गाडी बसवनगुडीत आमच्या दारात आली. मी गाडीच्या दिव्याला गंध लावलं, उंच केलेल्या हँडलला झेंडूची माळ बांधली, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडून गाडी पुढे गेली की मी मागे बसायचं आणि दोघांनी देवळाला जायचं, ही आमची लग्नापासूनची रीत. रेशमी साडी सावरत मी मागे गेले आणि तिथेच थांबले. सीट एकाचीच होती. माझ्या जागी चकचकीत पत्रा होता. "क्रूझरला असंच शोभतं गं," हे म्हणाले. शेजारची अक्का रांगोळीकडे बघत राहिली. "सरी, ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे," म्हणत मी नारळाची पिशवी घेतली आणि बस स्टॉपकडे निघाले. महिनाभरात ह्यांनी स्वतःहून मागे सीट बसवून घेतली. आजही देवळाला मी बसनेच जाते. ती सीट अजून नव्यासारखी आहे.