खलबत आणि खलबत्ता

खलबत हा शब्द खलबत्त्यातूनच आला, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. शाळा माझी फार झाली नाही, वाचायला शिकले ती मुलांच्या पुस्तकांतून. पण आमच्या खारबावात बायका लग्नाचा मसाला कुटायला बसल्या की काय चालतं ते बघितलेलं. खल, बत्ता आणि मध्ये कुजबुज. शब्द आणखी कुठून येणार?

धाकट्या जावेच्या मुलीचं लग्न निघालं. पोर माझ्या मांडीवर वाढलेली. तिचे धवले मी म्हणायचे, हे तिच्या बारशालाच ठरलेलं. धवले म्हणजे लग्न लावतानाची आमची गाणी. सासूबाईंनंतर आमच्या घरात ती मीच म्हणते. तर एका दुपारी भिवंडीहून, लेकाच्या घरून, खारबावात जावेकडे गेले. कुटण्याचा आवाज लांबूनच येत होता, मी पायरी चढले तसा थांबला.

"काय चाललंय गो?"

"काय न्हाय बाय, मसाला कुटतो."

"बत्ता तर खाली ठेवलाय. तोंडानं कुटता काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि बसून त्यांना मिरच्यांचे देठ काढून दिले.

हळदीला गेले, तर मांडवात दुसऱ्या गावची बाई माइक धरून बसलेली. उद्या लग्नालाही तीच म्हणणार होती. जावेला बाजूला घेतलं.

"तुजा आवाज आता चिरकतो बाय. व्हिडिओवाला येनार हाय. तुला सांगाचं कसं, म्हनून न्हाय सांगितलं."

"मग मिरच्या कशाला निवडून घेतल्यास?"

ती पदर नीट करत राहिली.

त्याच रात्री मी भिवंडीला परत आले. शेजारी उर्दू शाळेतल्या बाई राहतात, त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. खलबत्त्याचंही सांगितलं. त्यांना हसू आलं.

"नहीं खाला, वो खलवत है. मतलब तनहाई, जहाँ दूसरा कोई न हो."

अशा एकांतात बसून दरबारी लोक मसलती करायचे, म्हणून आपल्याकडे त्याचं खलबत झालं, असं त्यांनी समजावलं. म्हणजे मूळ शब्दात कपट नव्हतंच. ते चार जणी बसल्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी लग्नाला मी गेले नाही. मुहूर्ताच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पोरीचा धवला एकटीनं म्हटला. आवाज मधेच चिरकला. हे जावेनं तोंडावर सांगितलं असतं, तर माइक मीच त्या बाईच्या हातात दिला असता.