तामूनं राखलेली गाठोडी

तुमच्या मांडीवरचा भाजल्याचा तो डाग कोणाकोणाला ठाऊक आहे? आईला, नवऱ्याला, फार तर डॉक्टरला? मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात, आमच्या अर्ध्या गल्लीचे असले डाग लल्ला तामूला, म्हणजे तामूबाईला, ठाऊक आहेत, आणि एकतीस वर्षांत त्यातला एकही तिच्या तोंडून बाहेर पडलेला नाही. सभांमधून आम्हाला खासगीपणा शिकवायला येणाऱ्या टायवाल्यांनी आधी तिच्यासमोर चटईवर बसावं, मग बोलावं.

तामू हमामखान्यात गलासा आहे. गलासा म्हणजे बसणारी. कपडे बदलायच्या खोलीत ती बसते. बायका कपडे, बांगड्या, घराच्या किल्ल्या गाठोड्यात बांधून तिच्या हाती देतात आणि बादली, काळा साबण घेऊन आत वाफेत जातात. बिल्ला नाही, चिठ्ठी नाही. तामूला अक्षरओळखही नाही. बाई लालबुंद होऊन बाहेर आली की तिचं गाठोडं न मागता पुढे येतं. ठेवून घेताना तामू एकच शब्द बोलते, "ठेव."

उपवर मुलांच्या आया तिला छळछळ छळत. आमच्याकडे सून हमामातच तर हेरतात.

"तामू, त्या कुंभाराच्या धाकटीची पाठ सरळ आहे ना गं?"

"मी गाठोडी सांभाळते, पाठी नाही."

"अगं, पाहिली तर असशीलच!"

"पाहिली. वाफेबरोबर उडूनही गेली. तुम्हीही जरा शेकून घ्या, डोकं मोकळं होईल."

मग हमामचा मालक सी बुश्ता, म्हणजे बुश्तासाहेब, याच्या डोक्यात फोन शिरला. पाणी कधी तापलं, गर्दी किती, हे बायकांना घरबसल्या कळायला हवं म्हणे. त्यानं तामूला एक फोन दिला आणि सगळ्यांचे नंबर गोळा करायला सांगितलं. बुश्तानं मागितले असते तर एकीनंही दिले नसते. तामूनं मागितले म्हणून प्रत्येकीनं आपलं नाव, आपला नंबर स्वतःच्या हातानं भरला. लग्नाच्या न्हाणाला फेज शहराहून आलेल्या पाहुण्यांनीही भरला.

बुश्तानं त्यात ओळखीपाळखीचं एक ॲप घातलं. ते काहीतरी विचारू लागलं.

"काय म्हणतोय हा?" तामूनं विचारलं.

बुश्तानं चष्म्याशिवायच डोळे बारीक केले. "नावं सांभाळून ठेवू का, विचारतोय."

तामू खूश झाली. आपल्याच धंद्यातलं कोणीतरी भेटलं! "ठेव," ती म्हणाली आणि बुश्तानं दाखवलं तिथं बोट टेकवलं. एवढी चूक फक्त गलासाच करू शकते. ठेव मागणारा ठेव राखतोच, असं जगात फक्त तिलाच वाटतं.

त्या यादीत सिहाम होती. नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून फेजहून पळून आलेली, मावशीकडे राहून भरतकाम विकणारी. नंबर नवा, ॲपवरचं नाव खोटं, चेहऱ्याच्या जागी स्वतः निळं भरतकाम केलेल्या उशीचं चित्र. तो नंबर मावशीला आणि तामूला सोडून कोणालाच माहीत नव्हता.

एका गुरुवारी दुपारी मी न्हाऊन तामूशेजारी केस विंचरत बसले होते. दारातून हज्जा झहूर आली. सिहामची सासू. वसंतात लग्नाला आली तेव्हा हिनंही नंबर दिला होता. तिनं फोन तामूच्या नाकासमोर धरला.

"ही उशी बघ. असली पानं फक्त माझी सून काढते. फोन म्हणतो, ही तुमच्या ओळखीची असेल. दोघींच्या ओळखीचं कोण, तर तामू, हमाम. बोल, कुठे राहते ती?"

सिहाम त्या घडीला आत वाफेत होती. निळ्या भरतकामाचं तिचं गाठोडं तामूच्या डाव्या हाताशी. तामूनं ते हळूच ओढलं आणि त्यावरच बूड टेकलं.

"हज्जा, आधी चपला काढा. ओलं आहे."

"माझा मुलगा बाहेर गाडीत बसलाय!"

"बसू दे. पुरुषांची वेळ आठनंतर."

बायका फिदीफिदी हसल्या. हज्जा पेटली. "म्हणजे फोन खोटं बोलतो?"

"फोनचं फोनला विचारा. माझ्याकडे गाठोडं द्या, नाहीतर वाट सोडा."

"मी आत जाऊनच बघते!"

अंग चोळणारी इज्जा दारात आडवी आली. "जा की. पण कपड्यांसकट नाही, हज्जा. जुना नियम आहे."

हज्जाचा जाडजूड झगा, त्याखालचा झगा, त्याखालचे स्वेटर निघेपर्यंत मी सिहामला गाठलं. भट्टीच्या बाजूला एक दार आहे. इज्जाचा झगा पांघरून ती तिथून बाहेर पडली. भट्टीवाल्या म्हाताऱ्यानं आम्हाला पाहताच भिंतीकडे तोंड फिरवलं आणि लाकडं मोजायचं सोंग केलं.

संध्याकाळी तामू माझ्या दुकानात आली. मी फोन दुरुस्त करते. शाळा सहावीत सुटली, पुढचं सगळं फोन उघडून शिकले.

"पोरी, त्या फोननं ठेव म्हणून घेतलं ना?"

"ठेव राखत नाही तो, लल्ला. गाठोडी सोडतो, आतलं शेजारीशेजारी मांडतो. कोणाच्या फोनात कोण, ते जुळवतो."

"न विचारता?"

"तुम्ही हो म्हणालात."

तिला बरं वाटावं म्हणून मीही सगळे म्हणतात तेच बोलले, की यंत्राला कसला दोष, चाकू असतो तो, वापरणाऱ्यावर असतं.

"चाकू?" तामू उसळली. "माझा चाकू फळीवर पडून असतो. मी झोपले की कोणाला कापू म्हणून शोधत हिंडत नाही तो!" मग आवाज खाली आला. "पण दोष माझाही. गाठोडं माझ्या मांडीवर होतं म्हणून माझं झालं का? सिहामचा नंबर सिहामचाच. तिला न विचारता मी हो म्हणाले."

फोन उघडता उघडता जे मला दहा वर्षांत धड मांडता आलं नाही, ते ती उभ्याउभ्या बोलून गेली.

फोनातली यादी मी पुसली. तिकडे गेलेलं यामुळे परत येत नाही, हेही तिला खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येकीचा हात धरून ती सांगू लागली, "तुझी ठेव मी परक्याला दिली. माफ कर." बुश्ता कुरकुरला, गिऱ्हाईक तुटेल म्हणाला.

"बरं, सी बुश्ता. उद्यापासून गाठोडीही फोनच सांभाळेल." बुश्तानं तोंड मिटलं ते आजतागायत.

सिहामनं नंबर बदलला, ॲपवरचं खातं बंद केलं. हज्जा आणखी दोन गुरुवार आली. चाळीस बायका, आणि एकच उत्तर: "सिहाम? कोण सिहाम?" तिसऱ्या गुरुवारी ती आली नाही. सिहाम आली. तिनं निळं गाठोडं तामूच्या मांडीवर ठेवलं, वाकून नवा नंबर तिच्या कानात सांगितला. तो आता तिथेच आहे, आणि तिथून कोणाचा बापही काढू शकत नाही.

आता तुमचा फोन हातात घ्या. ज्या ज्या ॲपला तुम्ही नावांची यादी उघडून दिली आहे, त्या त्या ॲपची परवानगी आत्ता काढून घ्या. त्या यादीत कोणीतरी सिहाम आहे, आणि तिनं तुम्हाला हो म्हणायला सांगितलेलं नाही.