मी पुरलेला पावडरचा डबा

नंदिनीने माझ्या डोक्यावर पावडरचा डबा उपडा केला तेव्हा सगळा वर्ग हसला.

दहावीचा वर्ग. मधली सुट्टी संपत आली होती. मी तिच्या बाकावर बसायला गेले तर तिने नाक दाबलं. म्हणाली, "खळीचा वास येतो तुला. कोष्ट्यांच्या घरचा. थांब." दप्तरातून डबा काढला आणि माझ्या केसांवर, मानेवर, ब्लाउजवर पावडर ओतली. पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या. "हं, आता बस."

मी काय केलं? मी थँक्यू म्हटलं.

पुन्हा वाचा हवं तर. रडले नाही, उठले नाही. थँक्यू म्हटलं. तेही इंग्रजीत, कारण नंदिनीच्या घरी तसं म्हणतात हे मला ठाऊक होतं. त्या पोरीला आज भेटले तर आधी तिचा कान पिळीन, मग विचारीन, बाई, वर पैसे पण द्यायचे होतेस का?

वास यायचा हे खरं. गोळीबार चौकाजवळच्या आमच्या गल्लीत रोज सकाळी पाजण चालायची. रस्त्यावर लांबच लांब सूत ताणायचं आणि कुंच्याने त्याला खळ लावायची. दुपारपर्यंत ती आंबायची. तो वास भिंतींत होता, गोधडीत होता, आमच्या वेण्यांत होता. मला त्याची किळस यायची. पावडरची यायची नाही. आता उलटं आहे. नातीने तोंडाला पावडर लावली तरी मी खिडकी उघडते.

कुसुम मागच्या बाकावर बसायची. आमच्याच गल्लीतली, आमच्याच शेजारची. फी माफ होती म्हणून मोठ्या बाईंनी तिला ऑफिसातलं कपाट पुसायचं काम लावलं होतं. आम्ही मुख्याध्यापिकांना मोठ्या बाई म्हणायचो. कपाटाची किल्ली कुसुमच्या कमरेला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने त्याच पुसायच्या फडक्याने माझं डोकं झटकलं.

"तुले लाज नाही वाटत वं? थँक्यू काहून म्हटलं?"

"तुला नाही कळणार," मी म्हटलं.

तुला! घरात सगळे 'तुले-मले' म्हणणारे, आणि ही बया 'तुला-मला' करत होती. डावखुरी होते, तेही लपवलं होतं. डाव्या हातावर दोन पट्ट्या बसल्यावर उजव्याने लिहायला शिकले आणि अक्षरही सुंदर काढलं. डावा हात फक्त घरी चालायचा, मागावर तुटलेलं सूत सांधताना. शाळेत मी अशी होते की कुठूनही बघा, डाग दिसायचा नाही. कारण मला 'आदर्श विद्यार्थिनी'चा बिल्ला हवा होता. निळी फीत आणि पितळी चकती. एवढ्याशा पत्र्यासाठी माणूस काय काय गिळतं.

पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात नंदिनी कुसुमला म्हणाली, "किल्ली दे गं पाच मिनिटं, खडू काढायचेत." कुसुमने दिली. नंदिनीचे वडील शाळेच्या समितीवर. त्यांच्या मुलीला नाही कोण म्हणणार? मी दारातच उभी होते. नंदिनी कपाटातून खडू घेऊन आली, आणि खडूबरोबर भूमितीचा पेपर. तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

संध्याकाळी तिने मला टाकीमागे बोलावलं. तोच पावडरचा डबा, आत घडी केलेला पेपर.

"पेपर गेल्याचं कळलंय, उद्या दप्तरं तपासणार आहेत. हे इथेच कुठेतरी पुरून ठेव. परीक्षेआधी मला परत लागेल, खराब होता कामा नये. तुमच्या लोकांना बांधाबांध चांगली येते ना?"

येते. फार चांगली येते.

बाबा नक्षीचे कागद पावसाळ्यात मेणकापडात गुंडाळून ठेवायचे. पाण्याचा थेंब आत जायचा नाही. मी डबा घरी नेला, मेणकापडाचा एक तुकडा चोरला, डबा दोनदा गुंडाळला. वरून ताण्याचं उरलेलं सूत आडवं-उभं फिरवलं आणि सांधणीची गाठ मारली. ही गाठ चपटी बसते, ओढली तर आणखी घट्ट होते. घाईत डाव्या हाताने मारली. सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत जाऊन टाकीमागच्या लिंबाखाली हातभर खोल पुरला.

दुसऱ्या कुठल्याही पोरीने डबा तसाच मातीत ढकलला असता. एका पावसात पेपरचा लगदा झाला असता आणि गोष्ट संपली असती. पण आम्ही विणकरांची लेकरं. चोरीचा माल बांधतानासुद्धा काम अर्धवट ठेवलं नाही. त्या मूर्ख पोरीचं हे काम पन्नास वर्षं टिकलं.

दप्तरांत काही सापडलं नाही. मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. नंदिनी बाजूलाच उभी होती.

"तू खोटं बोलणारी मुलगी नाहीस. कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"कुसुमकडे."

एवढंच. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगत आले. खोटं कुठं बोलले मी?

पेपर बदलला. नंदिनीला डबा परत लागला नाही. किल्ली नंदिनीने नेली होती हे कुसुमने सांगितलं, ते कोणी ऐकलं नाही. कुसुमचे वडील शाळेच्या दारात हात जोडून उभे राहिले. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहिलं गेलं, 'चोरीमुळे नाव कमी केले.' आणि सव्वीस जानेवारीला माझ्या ब्लाउजवर निळी फीत लागली. टाळ्या पडल्या. मी उजव्या हाताने सलाम केला.

तो बिल्ला मी आयुष्यभर जपला. सासरी नेला, प्रतापनगरच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये आणला, चौकट करून भिंतीवर लावला. माझी नात सई त्या बिल्ल्याखाली वाढली. "आजीसारखं व्हायचं," हे तिला मीच शिकवलं. झालीच ती तशी. पेपरच्या सकाळी ती ओकते. मग तोंड धुते, ओठांना काहीतरी चोपडते आणि हसत बाहेर पडते. मी बेसिनमध्ये पाणी ओतून तिचं ओकलेलं वाहवते. परत येताना भिंतीवर बिल्ला असतोच.

सई अकरावीत आहे. तीच शाळा. आता काचेची, तीन मजली. अध्यक्ष कोण? नंदिनी मॅडम.

या वर्षी वर्धापनदिनाच्या तयारीत नवीन सभागृहासाठी जुन्या टाकीमागे खोदकाम सुरू झालं. मजुराच्या फावड्याला डबा लागला. पोरांनी मैदानातच सूत कापून तो उघडला. आत पेपर कोरडा, शाळेच्या शिक्क्यासकट. पोरांना खेळणंच मिळालं. मोबाईलवर 'चोर कोण?' म्हणून रोज व्हिडिओचा एक भाग. सई त्यात पुढे. एकेक भाग ती दहा-दहा वेळा काढायची, केस जरा हलले की पुन्हा पहिल्यापासून. हेड गर्लसाठी तिचं नाव चर्चेत होतं. वर्धापनदिनाला त्या डब्याचं प्रदर्शन मांडायचं होतं, ते परफेक्ट व्हायला हवं होतं.

एका दुपारी ती उड्या मारत घरी आली. मी मेथी निवडत होते.

"आजी, केस सॉल्व्ह झाली! आम्ही जुनं रजिस्टर काढलं. त्या वर्षी एका मुलीला काढलं होतं, कुसुम म्हणून. आणि नंदिनी मॅडम म्हणाल्या, सूत विणकरांचंच आहे, म्हणजे तिनेच पुरला. आम्ही तिच्या नावाचं मोठं पोस्टर करतोय. तू ओळखायचीस तिला?"

मी मेथीच्या काड्या भाजीत टाकल्या आणि पानं केरात.

दुसऱ्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं. नंदिनीच्या केबिनमध्ये प्राचार्य होते, दोन शिक्षिका होत्या. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझी मैत्रीण. हिला बोलायला मी शिकवलं बरं का. 'मले, तुले' करायची. आज बघा!" सगळे हसले. मीही हसले. मग तिने त्यांना बाहेर पाठवलं.

"उद्या आपल्या बॅचतर्फे तूच बोल. अशी एक दुर्दैवी घटना घडली होती, एवढंच म्हण. कुसुम काही हे बघायला येणार नाही. आणि हो, हेड गर्ल म्हणून सईचं नाव उद्याच जाहीर करतोय आम्ही."

मी उठले. ती जवळ आली, माझ्या केसांजवळ नाक नेलं आणि लाडाने म्हणाली, "आता अजिबात वास येत नाही हं तुला."

खरं सांगते, जिभेवर 'थँ' आला होता. सहासष्टाव्या वर्षी. पन्नास वर्षांनी. तो अर्धा शब्द मी ओकारीसारखा गिळला आणि बाहेर पडले. फाटकाशी आले तेव्हा कळलं, सई सकाळी बेसिनमध्ये काय ओकते ते.

घरी येऊन चौकट फोडली. बिल्ला पिशवीत टाकला. सुताची एक गुंडीही टाकली.

कार्यक्रमात डबा टेबलावर मांडला होता. शेजारी कापलेलं सूत, गाठीसकट. मागे पोस्टर, कुसुमचं नाव हातभर अक्षरांत. पहिल्या रांगेत नंदिनी. माझं नाव पुकारलं. मी वर गेले, माईकपुढे डबा उचलला, त्याला सूत गुंडाळलं आणि डाव्या हाताने गाठ मारली. मग जुनी गाठ तिच्या शेजारी धरली.

"पाहा पोरंहो. दोनही गाठींचा पीळ उलटा, डाव्या हाताचा. कुसुम उजवी. डावखुरी मी. हा डबा म्या पुरला."

मला 'म्या'ऐवजी 'मी' म्हणता येत होतं. पण म्हणायचं नव्हतं.

"पेपर नंदिनीनं चोरला. पाच मिनिटांसाठी म्हणून कुसुमकडून किल्ली तिनंच नेली. म्या दारातून पाह्यलं. मोठ्या बाईनं मले विचारलं, तं म्या फक्त कुसुमचं नाव सांगतलं."

माईक बंद झाला. होऊ दे. खटखटणाऱ्या मागांच्या घरात वाढलेल्या बाईला माईक लागत नाही. मी तेच सगळं पुन्हा सांगितलं, शेवटच्या रांगेपर्यंत. नंदिनी उठून म्हणाली, "वय झालंय हिचं, गोंधळते." मी पिशवीतून बिल्ला काढला आणि डब्यात टाकला. "हाही ठेवा आत. चोरीचा माल एका जागी असलेला बरा."

हेड गर्ल म्हणून दुसऱ्या मुलीचं नाव जाहीर झालं. ऑटोत सई म्हणाली, "तुझ्या गिल्टसाठी माझं वाटोळं केलंस, आजी." तिचं चुकलं नव्हतं. इतकी वर्षं मीच तिला त्या बिल्ल्याखाली उभं केलं होतं.

मग कुसुमकडे गेले. बुटीबोरीला. वीस वर्षं तिथल्या सूतगिरणीत उभं राहून काम केलं तिने, पायांच्या शिरा वर आल्या आहेत. दारातच बसली होती. मी सगळं सांगितलं. गाठीचंही.

"गाठीचं नव्हतं माहीत," ती म्हणाली. "पण तू दारात उभी होती ते म्या पाह्यलं होतं. पन्नास वर्ष झाले. आता काहून आली वं?"

"सांगायले."

"सांगतलं ना? माहा बाप त्या दिवशी शाळेतून आला अन् महिनाभर मागावर नाही बसला. तो मेला चोराचा बाप म्हणून. माफ-बीफ नाही करत मी तुले." ती भिंतीला धरून उठली. "रजिस्टरातलं ते नाव काढून आण. मंग ये. तवर येऊ नको."

चहा विचारला नाही. बरं केलं.

शाळा म्हणते, जुनं रजिस्टर बदलता येत नाही. नियम नाही. मी लेखी अर्ज द्यायचं ठरवलं. आठ दिवस सई माझ्याशी बोलली नव्हती. नवव्या दिवशी माझ्या हातातला कागद तिने ओढून घेतला, टाइप केला, प्रिंट टेबलावर ठेवली आणि खोलीत गेली. अजूनही बोलत नाही. त्या सकाळी मात्र ती ओकली नाही. मी कान देऊन ऐकत होते.

दर सोमवारी मी जाते. शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसते. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांनी विचारलं तर सांगते, मोठ्याने. शिपाई पाणी आणून देतो. क्लार्क म्हणतो, "काकू, किती वेळा येणार? त्या ओळीचं करायचं काय आम्ही?"

मी सांगते. ओळ ठेवा. चोरी झाली होती, खोटं कशाला लिहायचं? फक्त कुसुमचं नाव खोडा आणि तिथं माझं लिहा. आणि नंदिनीचं माझ्या वर लिहा. वर्गातही ती पुढेच बसायची.