दारात घेतलेले दोन शब्द

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सिनेमांचं संकलन केलं. पन्नाशीला आल्यावर स्वतःचा एक केला. लोणी काळभोरजवळच्या रोपवाटिकेत राबणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. थोरलीची भूमिका तिथंच पिशव्यांत माती भरणाऱ्या एका बाईंनी केली. त्याआधी त्यांनी कॅमेरा पाहिला होता तो फक्त लग्नांत. कोथरूडच्या एका थिएटरात आम्हाला दुपारी सव्वाबाराचा खेळ मिळाला, एका आठवड्यापुरता.

व्यवस्थापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, पुढच्या आठवड्याचे खेळ मी मंगळवारी दुपारी लावतो. तोवर कुणी जाणत्या माणसानं चार ओळी लिहिल्या तर वरच्यांना दाखवता येतील. नुसत्या पोस्टरवर मी कुणाशी भांडू?"

मला दुसरा रविवार हवाच होता. बाईंच्या घरची माणसं रविवारीच मोकळी असतात, आणि पहिल्या रविवारी त्यांच्याकडे लग्न होतं. त्यांनी अजून सिनेमा पाहिला नव्हता.

समीक्षकांना मी महिनाभर आधीपासून लिहीत होते. अकरा जणांना पाच पानी पत्र पाठवलं. सिनेमा कसा सुचला, चित्रीकरणात काय काय अडलं, सगळ्यांचे आभार. दहा जणांकडून उत्तर नाही. एका ज्येष्ठ समीक्षकांचा फोन आला.

"बाई, पत्र पूर्ण वाचलं. सिनेमाही एवढाच लांब आहे का?"

"नाही हो, पावणेदोन तास."

"मग येतो."

शुक्रवारी ते आले, शेवटपर्यंत बसले. बाहेर पडताना आमच्या सहायक दिग्दर्शिकेनं त्यांना दारातच गाठलं. हा प्रकार हल्ली प्रत्येक मराठी सिनेमाच्या दारात चालतो: बाहेर येणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाइल धरायचा आणि म्हणायचं, सर, दोन शब्द बोला ना. ते अवघडले, पण बोलले. "प्रामाणिक प्रयत्न आहे, पण..." आणि पुढे आणखी दोन वाक्यं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ आम्ही सगळीकडे टाकला. 'पण'च्या आधी कात्री मी लावली. हाताची सवय. खाली बासरीही टाकली.

रविवारी त्यांच्या सदरात आमच्या सिनेमाचं नाव नव्हतं. मी फोन केला.

"सर, आज काही आलं नाही."

"काय यायचं होतं?"

"परीक्षण."

"ते तुम्ही शुक्रवारीच प्रसिद्ध केलंत की. बासरीसकट. माझी पुढची दोन वाक्यं कुणी कापली?"

"मी."

"छान कापलीत. सांधा दिसत नाही." पुढे म्हणाले, "आता मी लिहिलं तर लोक म्हणतील, हे त्यांच्या जाहिरातीतलेच गृहस्थ. नाही लिहिणार."

"व्हिडिओ आत्ता काढते."

"काढा किंवा ठेवा." मग त्यांनी हडपसरच्या एका समीक्षक बाईंचा नंबर दिला. "तिला पाच पानं पाठवू नका. लांबी, भाषा, थिएटर, वेळ. आणि दारात कुणी उभं राहू नका."

मी चार ओळी पाठवल्या. व्हिडिओ काढला. सगळ्यांना घरी बसायला सांगितलं. सोमवारी त्या बाई अख्खं शहर ओलांडून स्कूटरवर आल्या. मी समोरच्या चहाच्या दुकानात बसले होते. सिनेमा सुटल्यावर त्या बाहेर आल्या, हेल्मेट घातलं, गेल्या. मी मानसुद्धा हलवली नाही. तीन कप चहा झाला होता आणि डोकं दुखत होतं.

मंगळवारी सकाळी परीक्षण आलं. उत्तरार्ध वीस मिनिटांनी लांबला आहे, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. बरोबर होतं. दुसऱ्या कुणाचा सिनेमा असता तर ती वीस मिनिटं मी पहिल्याच दिवशी उडवली असती.

व्यवस्थापकांनी मोबाइलवर वाचून मान वर केली. "मॅडम, तीन परिच्छेद तर बोलणीच आहेत."

"चौथा वाचा."

चौथा परिच्छेद थोरल्या बहिणीबद्दल होता. त्यांनी तो दोनदा वाचला, वर कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ हो हो केलं. "आठवडा नाही जमत. रविवारी सकाळी पावणेदहा. एकच खेळ. चालेल?"

न चालून सांगते कुणाला? बाहेर येऊन मी नायिकाबाईंना फोन लावला.

"पावणेधा? सकाळच्या?" त्या म्हणाल्या. "ताई, म्हशीची धार कोण काढंल?"

"तेवढीच वेळ मिळाली."

"बरं. आन् माझ्याबद्दल काय लिवलंय त्या बाईनी?"

मी वाचून दाखवलं: रोपांना पाणी घालताना ती एकदाही कॅमेऱ्याकडे ढुंकून पाहत नाही.

"बघू नका म्हणून तुम्हीच वरडत व्हता की," त्या म्हणाल्या. मग फोन तसाच धरून घरात कुणाला तरी ओरडून सांगितलं, रविवारी गाडी सातलाच काढावी लागंल.