दर मिनिटाला एक गोळी
गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी चुरचुरली की ती दुपार आठवते. औषधाची आठवण करून देणारं वेब ॲप मी बनवत होतो. ‘साखरेची गोळी घ्या’ हा मधुमेहाच्या औषधाचा रोज सकाळचा संदेश चाचणीपुरता दर मिनिटाला लावला, तोही बाबांच्या फोनवर, आणि विसरून चहाला गेलो. परतलो तर दहा संदेश गेलेले. ते बंद केले, बाबांना फोन लावला, लागेना. जन्मभर कारखान्याच्या भोंग्यावर उठलेला माणूस, सांगितलेलं मोडणार कसा? स्कूटर दामटत अधारताल वस्तीतल्या घरी पोचलो. बाबांसमोर दहा गोळ्या मांडलेल्या. ‘तूच पाठवून राहिला ना? नळाला पाणी नाही, म्हणून थांबलो,’ ते म्हणाले. तेवढ्यात आई शेजारून भरलेला तांब्या घेऊन आत आली. आता चाचणीला मी माझाच नंबर टाकतो, तरी बटण दाबताना तो तांब्या दिसतो.