वाटीतले बारा हरभरे

लढाई थांबून महिना होत आला, तरी तुमच्या आजोबांचं सरहद्दीवरून पत्र नव्हतं. म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कृष्णाकाठच्या मठात एकशे आठ प्रदक्षिणा बोलल्या. त्यांचे गुडघे धरलेले, तेव्हा घालायच्या मी.

इस्लामपूरहून पहिल्या एसटीने गेलो. नदीत बुडी मारून ओलेत्यानेच महाराजांच्या समाधीभोवती फिरायचं, अशी तिथली रीत. आत्याबाई पायरीवर हरभरे घेऊन बसल्या. माझ्या दर फेरीला त्यांनी एक हरभरा वाटीत टाकायचा होता, म्हणून मी मनात मोजलंच नाही. थंडीने पाय बधिर झाले तेव्हा पाहिलं, तर त्यांचा डोळा लागला होता आणि वाटीत बाराच हरभरे होते. मी त्यांना हलवलं.

"आत्याबाई, पुन्हा पहिल्यापासून घालते."

"आगं येडे, लय फिरलीस की! देव काय तुझ्या शाळंतला मास्तर हाय व्हय?"

मलाही थांबायचंच होतं. पण पत्र आलं नव्हतं. मी वाटी त्यांच्या ओच्यात रिकामी केली आणि निघाले. फेरी घालून आले, तर त्या ताठ बसल्या होत्या.

"एक," त्या मोठ्याने म्हणाल्या.