गयाबाईची लाईन

आमच्या गल्लीत टँकर यायचा, तेव्हा गाडीच्या आवाजाआधी माझ्या बायकोचा आवाज यायचा. "ए हिरव्या ड्रमवाले! मागं सरक! लाईन म्हंजी लाईन!" नाव गयाबाई, माहेर फुलंब्रीकडचं. क्रांती चौकात उभी केली असती तर पोलिसाला शिट्टी लागली नसती.

टीव्हीवर नाव ऐकलेले लोक मला विचारतात, कशी होती? केस अजून चालू आहे आणि मला परत परत सांगायचा कंटाळा येतो. म्हणून एकदाच लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे, जमेल तसं.

भांडखोर होती. हे आधी लिहितो, कारण बाकी कुणी लिहिलं नाय. मी तांब्याभर पाणी जास्त घेतलं तरी ओरडायची, "हळद लागलीय का अंगाला?" हंडा कुणाचा, ते पोच्यावरून ओळखायची. ज्या घरात बाळंतीण, त्याचा हंडा सगळ्यात पुढं. शेजारच्या नसीमभाभी म्हणायच्या, "गया, तेरा हंडा भी आगे रख ना!" तर ही म्हणायची, "आमच्यात कोण बाळंत झालंय? हा म्हातारा?" सगळी लाईन हसायची. मी खाली मान घालून उभा.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एकानं बांधकामासाठी टँकरला सरळ पाईप लावला. बाया हंडे घेऊन बघत राहिल्या. गयानं जाऊन पाईप उपटला. त्यानं लोखंडी पाना उचलला आणि तिच्या डोक्यात घातला. पडली ती उठली नाय. कुणीतरी मोबाईलवर काढलेलं होतं, ते राज्यभर फिरलं. मी अजून बघितलं नाय. बघणार बी नाय.

मग चौकात मेणबत्त्या लागल्या, मोठा फ्लेक्स लागला. गयाचा पदर जन्मभर कमरेला खोचलेला. फ्लेक्सवर कुणीतरी तो कंप्युटरनं डोक्यावर घेतलेला. खाली लिहिलेलं, 'शांत, सोशिक माऊली'. नसीमभाभी रडता रडता थांबल्या. म्हणाल्या, "भाईजान, ये कौन है?"

कोर्टात माझी साक्ष निघाली. आमच्या वकिलांनी बाहेर बजावलं, "बाबा, त्या कुणाशी भांडत नव्हत्या, एवढंच म्हणा. नाहीतर भांडण त्यांनीच काढलं म्हणून तो थोडक्या शिक्षेवर सुटेल." मी मान हलवली. इतका थकलो होतो, की काय बी म्हणायला तयार होतो.

समोरच्या वकिलानं विचारलं, "तुमच्या पत्नी भांडखोर होत्या?"

मी कठडा धरला. तोंडातून निघालं ते निघालं. "व्हय साहेब. लई."

"म्हणजे भांडण त्यांनीच काढलं?"

"व्हय. तो लाईन मोडत होता. त्यानं बी तोंडानं भांडायचं की. सगळी गल्ली तिच्याशी भांडायची, पाना कुणी उचलला नाय."

बाहेर आल्यावर आमचे वकील कपाळाला हात लावून बाकावर बसले. "काय केलंत बाबा! साधी, शांत बाई सांगितली असती तर सोपं गेलं असतं."

"असंल," मी म्हणालो. "पण तशी बाई मेलीच नाय, साहेब. मेली ती माझी बायको."